हाताला लागेल तेच पोटात जातं

रविवारी पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर उभं राहिलं, तर पन्हाळ्याकडे जाणाऱ्या सायकलींची रांगच दिसते. लाल दिवे लुकलुकत पुढं सरकत असतात. हेल्मेट, हातमोजे, चढाला सोपी जाणारी गिअरची सायकल, सगळी तयारी असते. पण बाटलीत काय आहे आणि खिशात काय आहे, असं विचारलं तर दहापैकी सात जण म्हणतात, “पाणी आहे की. आणि खायला वर झुणका-भाकर मिळतेच.”

पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, तिथंवर हे चालून जातं. गगनबावडा, राधानगरी किंवा आंबा घाट करून त्याच दिवशी परत यायचं असेल, तर नाही चालत. हे मी स्वतः भोगलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची, मार्चातली गोष्ट. एकटाच गगनबावड्याला निघालो, जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर. घरातून फक्त चहा पिऊन निघालो होतो. दोन बाटल्या साधं पाणी आणि पाठीवरच्या सॅकमध्ये खजुराचं पाकीट. जाताना पाय हलके होते. परतताना साळवण मागं पडलं आणि चाकाला कुणी ब्रेक लावून ठेवलाय असं वाटायला लागलं. कळ्याच्या अलीकडं हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. एका टपरीवर पाण्याची बाटली घेतली आणि उरलेल्या पैशांचा हिशेब काही केल्या जुळेना. टपरीवरच्या मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बस हितं. उपाशी हाईस व्हय रं?” त्यांनी गूळ आणि शेंगदाणे हातावर ठेवले. पंधरा-वीस मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. घरी येऊन सॅक उघडली, तर खजुराचं पाकीट तळाशी न फोडलेलं तसंच होतं.

त्या पाकिटानं मला जे शिकवलं, त्यासाठीच हा लेख आहे. खाणं सोबत होतं, पण हाताशी नव्हतं.

अंगातलं इंधन किती पुरतं?

आपण खातो त्या भात, भाकरी, साखर, गूळ, फळं यांतल्या कर्बोदकांची शरीर साखर करतं आणि उरलेली स्नायूंत व यकृतात साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास मावतं. एका ग्रॅममागं चार कॅलरी धरल्या, तर सगळा साठा दोन हजार कॅलरींच्या आसपास येतो. बेतशीर वेगानं सायकल चालवणारा माणूस तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च करतो. गगनबावड्याच्या साडेपाच तासांना अडीच हजार सहज लागतात. त्यात रात्रभराच्या झोपेत यकृतातला साठा बराचसा रिकामा झालेला असतो, कारण आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतच असते. मी चहावर निघालो, म्हणजे टाकी पुरती न भरताच निघालो.

ही टाकी संपली की सायकलवाले म्हणतात, “बोंक झाला.” नुसत्या दमण्यापेक्षा हे वेगळं आहे. दमल्यावर पाय दुखतात, पण डोकं चालू असतं. बोंक झाल्यावर रक्तातली साखर घसरते आणि मेंदूच ढेपाळतो. चिडचिड होते, रडू येतं, साधी बेरीज जमत नाही. वाहत्या रस्त्यावर दोन चाकांवर असताना ही अवस्था धोक्याची आहे.

“पोटावर एवढी चरबी आहे, ती वापरेल की शरीर!”

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर दहा किलो चरबी असेल, तर तिच्यात सत्तर हजारांहून जास्त कॅलरी असतात. मग अडीच हजारांसाठी एवढी रड कशाला?

आपल्या भागातलं गुऱ्हाळ आठवा. काहिलीखाली चुलवाण पेटलेलं असतं आणि एक माणूस सतत चिपाड आत सारत असतो. चिपाड भुर्रकन पेटतं, झटक्यात आच देतं. बाजूला मोठा ओंडका असेल, तर तो तासन् तास जळेल, पण त्याची आच मंद. नुसत्या ओंडक्यावर काहिलीला उकळी फुटायची नाही. चरबी म्हणजे हा ओंडका. सपाट रस्त्यावर, गप्पा मारत चाललात तर शरीर तिचा चांगला वापर करतं. घाट सुरू झाला, श्वास वाढला की जास्त आच लागते, आणि ती चिपाडाचीच, म्हणजे कर्बोदकांची. शिवाय मेंदू चरबी थेट जाळूच शकत नाही.

चिपाड घालणाऱ्याची रीतही बघा. तो जाळ विझायची वाट बघत नाही, आणि एकदम भारा कोंबून चुलवाण गुदमरवतही नाही. थोडं थोडं, पण न थांबता. राइडवर खायचं ते अगदी असंच.

तासाला किती?

दीड तासापर्यंतच्या राइडला घरून नीट खाऊन निघालात, तर वाटेत काही लागत नाही. त्यापुढं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. म्हणजे काय, तर मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. बी काढलेल्या साध्या खजुरात पाच-सहा. सुपारीएवढ्या गुळाच्या खड्यात नऊ-दहा. ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये ७५ च्या आसपास. एक केळं, दोन खजूर आणि अर्धी बाटली साखरपाणी, झाला एका तासाचा हिशेब.

साठच का, शंभर का नाही? कारण पोटात टाकणं आणि रक्तात पोचणं यांच्यामध्ये आतडं आहे. किणी टोलनाक्यावर एकच लेन उघडी असली, तर गाड्या कितीही आल्या तरी ठरावीकच पुढं सरकतात. ग्लुकोजची लेन तासाला साधारण ६० ग्रॅम सोडते. बाकीचं पोटात तुंबतं, मग मळमळ आणि पोटात गोळा. गंमत अशी की फळांमधली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, शेजारच्या वेगळ्या लेननं जाते. दोन्ही लेन वापरल्या आणि पोटाला तशी सवय लावली, तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते.

सायकलवाले वाटेत तोंडात पिळतात त्या दाट साखरेच्या महागड्या जेलच्या पुड्यांवर दोन साखरींचं मिश्रण म्हणून जे लिहिलेलं असतं, ते हेच. आपली साधी साखर फुटली की निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज होते. गूळही मुख्यतः तीच साखर. ज्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या दोन्ही लेनच्या गाड्या आधीपासूनच आहेत. काकवी तर जवळजवळ तयार जेलच आहे. छोट्या पिळायच्या बाटलीत भरून न्या आणि एका घोटावर दोन घोट पाणी प्या. जेल वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. शर्यतीत ती सोयीची पडतात. पण जेल परवडत नाही म्हणून लांब जाता येत नाही असं कुणाला वाटत असेल, तर तो समज आधी काढून टाकावा.

शेंगदाणा चिक्की आणि शेंगदाण्याचा लाडू मला फार आवडतात. पण शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि तेल पोटातून हळू पुढं सरकतं. चढाच्या तोंडावर ते खाऊ नये. आठ-दहा तासांच्या संथ राइडला मात्र नुसत्या गोडाचा कंटाळा येतो, तेव्हा तेच कामाला येतं. राजगिऱ्याचा लाडू हलका, चढालाही चालतो. भडंग खारट असतं म्हणून हवंसं वाटतं, पण चालत्या सायकलवर ते घशात अडकतं. ते थांब्यावरच खायचं. आणि मिसळ? कटावर तवंग, तिखट, फरसाण, असं सगळं राइडच्या मध्यात पोटात गेलं, की पायांकडं वळलेलं रक्त पोटाकडंही हवं असतं आणि दोन्हीकडची ओढाताण होते. मिसळ घरी परतल्यावर खावी, दोन प्लेट खावी.

पाणी पितो, तरी गळाल्यासारखं का होतं?

आपण पायांनी जी ऊर्जा जाळतो, तिच्यातला साधारण चौथा हिस्सा पॅडलला मिळतो. बाकी तीन हिस्से उष्णता होतात आणि ती घामावाटे बाहेर काढावी लागते. तासाला ५०० कॅलरी खर्च होत असतील, तर उन्हात अर्धा-पाऊण लिटर घाम त्याच कामात जातो. चढावर, एप्रिलच्या दुपारी तो लिटरच्याही पुढं जातो.

आपला घाम किती जातो हे काढायला घरचा वजनकाटा पुरतो. निघण्याआधी वजन करा. तासाभरानं परत येऊन अंग पुसून पुन्हा करा. वाटेत काही प्यायला नसाल, तर जेवढं वजन घटलं तेवढा घाम गेला. एक किलो म्हणजे एक लिटर. प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करून बघा, कारण आकडे वेगळे येतात.

गगनबावड्याचा पावसाळा फसवा असतो. अंग भिजलेलं, हवा गार, तहान लागतच नाही. पण हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी मात्र घेऊन जातो. पावसात बाटली भरलेलीच परत आणणारे आणि संध्याकाळी डोकं धरून बसणारे मी बरेच पाहिलेत.

घामाबरोबर मीठही जातं. काळ्या जर्सीवर पांढऱ्या रेघा दिसतात, ते हेच मीठ. मिठातला आपल्या कामाचा घटक म्हणजे सोडियम. एक लिटर घामात सोडियम साधारण अर्ध्या ते दीड ग्रॅमपर्यंत असतं, माणसागणिक बराच फरक पडतो. अशा वेळी पोटभर नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं उरलंसुरलं सोडियम पातळ होतं. आमटीत वरून पाणी ओतत गेलं की ती अळणी होते, तसं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, गोंधळल्यासारखं होतं आणि फार वाढलं तर जिवावर बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम असायला हवं त्यापेक्षा कमी निघालं. त्यांतल्या अनेकांचं वजन शर्यत संपेपर्यंत वाढलं होतं, म्हणजे घामात गेलं त्याहून जास्त पाणी ते प्यायले होते. “जितकं जास्त पाणी तितकं चांगलं” हा सल्ला म्हणूनच मी कुणाला देत नाही. तहान लागेल तसं, आणि आपल्या घामाच्या हिशेबाच्या आत.

मग ओआरएसच का नको?

ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. हा शब्द मध्यंतरी बातम्यांमुळं सगळ्यांच्या तोंडी होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी आपल्या नावात ‘ओआरएस’ वापरू नये, असा आदेश ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं काढला. अनेक खोक्यांमध्ये साखर फार आणि मीठ थोडं होतं, आणि आईबाप ते औषध समजून जुलाब लागलेल्या पोरांना पाजत होते. आदेश योग्यच होता.

खऱ्या ओआरएसमागची कल्पना मात्र सायकलवाल्याच्या थेट कामाची आहे. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनंच आत घेतं, आणि ही जोडी आत गेली की मागून पाणी ओढलं जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएस हे जुलाबातल्या माणसासाठी आहे. त्याच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम असतं, म्हणजे पाणी आणि मीठ मिळतं, पण पायांना इंधन मिळत नाही. राइडसाठी साखर जास्त हवी, लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास. माझी ७५० मिलिलिटरच्या बाटलीची रीत अशी: चहाच्या चमच्यानं नऊ सपाट चमचे साखर किंवा तेवढाच किसलेला गूळ, पाव सपाट चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. चव सरबतापेक्षा थोडी फिकी आणि खारट लागते. घरी बसून प्यायलात तर आवडणार नाही, तिसऱ्या तासाला अमृत वाटतं. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी ठेवावं. ते प्यायलाही होतं आणि डोक्यावर ओतायलाही.

उसाचा रस आणि शहाळं यांच्याबद्दल दोन शब्द. रसात साखर इतकी दाट असते की पाणी शोषलं जाण्याआधी पोट जड होतं. अर्धा ग्लास रस, वर तेवढंच पाणी आणि चिमूट मीठ असं घेतलं तर चालतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण घामात जातं ते सोडियम त्यात कमी. शहाळं जरूर प्या, सोबत काहीतरी खारं खा.

रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ-साखरेचे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

कुठं ठेवायचं, यावरच सगळं अवलंबून

आता मूळ मुद्दा. सायकलच्या सांगाड्यावर बाटलीच्या दोन जाळ्या असतातच. पाणी हे सगळ्यात जड ओझं, ते तिथंच, खाली आणि मधोमध असावं. चालत्या सायकलवर बाटली काढून, पिऊन, न बघता परत जाळीत ठेवणं हा सराव आहे. तो रंकाळ्याभोवतीच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे करावा. घाटात शिकू नये.

खाण्यासाठी हँडलच्या लगेच मागं, वरच्या नळीवर बसणारी छोटी पिशवी घ्या. माझ्या मते सायकलवर लावलेली ही सगळ्यात कामाची वस्तू आहे. एका हातानं चेन उघडते, दोन बोटांत खजूर येतो, नजर रस्त्यावर राहते. बिया घरीच काढा. चिक्की घरीच तोडा. बिस्किटाचं पाकीट घरीच फोडून डबीत घ्या. दमलेल्या, घामेजलेल्या बोटांना प्लॅस्टिक फाडता येत नाही, आणि जे फाडता येत नाही ते खाल्लं जात नाही. जर्सीच्या मागच्या तीन खिशांत केळी. उजवा हात वापरत असाल तर खाणं उजव्या खिशात आणि रिकामी वेष्टनं डाव्यात. घाटात कागद आणि प्लॅस्टिक टाकू नका. माकडं तेही खातात.

पाठीवरची सॅक शक्यतो टाळा. पाठीचा घाम सुकत नाही, भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो. आणि माझ्या खजुरासारखं, मागं टाकलं ते विसरलं जातं. पंप, ट्यूब, जादा कपडे सीटखालच्या पिशवीत जाऊ देत. हँडलला दुकानातली कॅरीबॅग अडकवून तर कधीच निघू नका. ती झुलत झुलत पुढच्या चाकाच्या तारांत गेली, की माणूस थेट हँडलवरून पुढं जातो.

मग घड्याळ. दर वीस मिनिटांनी बारीक गजर लावा. गजर झाला की तीन-चार घोट, आणि एकाआड एक गजराला एक घास. पहिला घास निघाल्यावर अर्ध्या तासातच, पोट भरलेलं वाटत असलं तरीही. आत गेलेलं पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

“एवढं ओझं घेऊन चढायचं?”

हिशेबच करू. कोल्हापूरपासून पन्हाळ्याचा चढ उंचीनं साधारण चारशे मीटर. एक लिटर जादा पाणी, म्हणजे एक किलो, तेवढं वर न्यायला शरीराला चार कॅलरींच्या आसपास खर्च येतो. चार कॅलरी म्हणजे एक ग्रॅम साखर. वाघबीळपासूनच्या चढाला तुम्हाला अर्धा तास लागत असेल, तर त्या किलोनं वीस-पंचवीस सेकंद वाढतील. पाणी संपलं तर किती वाढतील?

“जुनी माणसं कुठं काय न्यायची?”

न्यायची की. गावाकडून सायकलला किटल्या बांधून येणारे दूधवाले, शेतावर जाणारे बाप्ये, सगळ्यांच्या हँडलला फडक्यात भाकरी, चटणी, कांदा असायचा. तालमीतला पैलवान तर खुराकाशिवाय जोर मारत नाही. उपाशी कष्ट करायची रीत आपल्याकडं कधीच नव्हती.

“वाटेत हॉटेलं आहेत, आणि मला तर वजन उतरवायचंय”

हॉटेलं आहेत, पण पहाटे पाचला बंद असतात. जी उघडी असतात तिथं भुकेनं माणूस एकदम चार वडे खातो आणि पुढचा तास पोट धरून चालवतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्यांना साडेतेरा तासांची मुदत असते आणि दोन कंट्रोलमधलं, म्हणजे नोंद करायच्या ठिकाणांमधलं, अंतर ज्याचं त्यानं निभवायचं असतं. त्यात हॉटेल शोधत बसायला वेळ नसतो.

वजनाचं म्हणाल, तर ते आठवडाभराच्या ताटात उतरवा. पाच तास उपाशी चालवून आलेला माणूस घरी डबा उलटा करेपर्यंत जेवतो. राइडवर खाल्लेली दोनशे ग्रॅम कर्बोदकं अंगावर चढत नाहीत, ती घाटातच जळतात.

परतल्यावर मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थांबतो. समोर पिळलेलं म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, दुखऱ्या स्नायूंना लगेच हवी असलेली. घरी आल्यावर अंघोळीआधी एक काम मात्र करायचं. दोन्ही बाटल्या आणि त्यांची झाकणं, तोटीसकट, गरम पाण्यात ब्रशनं घासायची आणि उघडी पालथी घालायची. रात्रभर साखरपाणी राहिलेल्या तोटीत दोन दिवसांत काळी बुरशी धरते, आणि पुढच्या रविवारी पहाटेच्या अंधारात ती दिसत नाही.